आबांचं बायपास ठरलंय, नंतर जखम चिघळू नये म्हणून आधी काय करता येतं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही निपाणीचे. आबांचं, वय ६४, बायपास तीन आठवड्यांनी बेळगावात ठरलंय. आमच्या गल्लीतल्या काकांचं दोन वर्षांमागं झालेलं, घरी आल्यावर पंधरा दिवसांनी छातीच्या टाक्यातनं पाणी यायला लागलं, परत अ‍ॅडमिट, टाके उघडले, दीड महिना ड्रेसिंग. तेव्हापासनं आईनं धसकाच घेतलाय.

आबांना शुगर बारा वर्षं आहे, तीन महिन्यांची सरासरीवाली टेस्ट केली तर ८.९ आली. आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. बिडी बंद केली म्हणतात, पण परवा परड्यात गेलो तर गोठ्यामागनं वास आलाच. वर सकाळची मिश्री आहेच, बोललं की 'ती काय ओढायची हाय व्हय' म्हणतात.

आणि कहर म्हणजे ओळखीच्या न्हाव्याला सांगून ठेवलंय, अ‍ॅडमिट व्हायच्या आदल्या दिवशी घरी येऊन छाती-पाय गुळगुळीत करून जा, तिथं सिस्टर लोकांपुढं लाज वाटते म्हणून. हे चालतं का? डॉक्टर घाईत असतात, सिस्टर कन्नडात सांगतात आणि माझं कन्नड बाजारापुरतं. कुणी यातनं गेलं असेल तर सांगा, लई उपकार होतील.

प्रतिसाद:
दादा, आधी त्या न्हाव्याला फोन करून नको म्हणून सांगा. मी हार्टच्या आयसीयूत आठ वर्षं ब्रदर होतो. वस्तऱ्यानं डोळ्याला न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतू तिथंच घर करतात. केस काढायचेच असले तर हॉस्पिटलातच मशीननं काढतात. बायपासला जोडायला पायातली शीर काढणार असतील तर पायाचीही जखम असते, लोक छातीच बघत बसतात.

८.९ जास्तच आहे, सर्जनना रिपोर्ट दाखवून औषध वाढवायचं का, तारीख तीच ठेवायची का ते विचारा. ते त्यांनीच ठरवायचं, ब्लॉकेज कसे आहेत त्यावर असतं. ऑपरेशननंतर शुगर १८० च्या आत ठेवायला इन्सुलिन लावतात, घाबरू नका. मिश्री पण तंबाखूच, निकोटीन रक्तात जातंच, शिरा आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. बिडी सोडून महिना तरी व्हायला पाहिजे होता, पण आजपासनं सोडली तरी चालेल.

अजून एक, नाकाचा स्वॅब घेतात का विचारा. बऱ्याच जणांच्या नाकात स्टॅफ नावाचा जंतू गुपचूप असतो, सापडला तर मुपिरोसिनचं मलम पाच दिवस नाकात लावतात. अँटिबायोटिक तिथं चिरा द्यायच्या आधी तासाभरात देतात, घरात उरलेल्या गोळ्या आधीपासनं चारू नका. घरी आल्यावर जखमेला हळद, तेल, अंगारा काही लावायचं नाही, बघायला येणाऱ्यांना बाहेरच चहा द्या आणि कुंदा त्यांनाच खायला लावा. ताप, लाली, पू किंवा खोकताना छातीचं हाड टक टक हललं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मूळ प्रश्नकर्ता:
लई आभार दादा. न्हाव्याला सांगितलं, आबा रुसलेत. सोमवारी रिपोर्ट घेऊन जातोय, स्वॅबचं पण विचारतो. मिश्रीचा डबा आईनं लपवला, पण सकाळी आबांचे दात काळेच होते, दुसरा डबा कुठंय ते शोधतोय.