कामाचा अभिमान आणि नम्रता: फॉर्ममध्ये काय लिहू?

कुपवाडचा टर्नर
सर्वांना सलाम. कुपवाड एमआयडीसीत आधी साध्या लेथवर होतो, आता सीएनसीवर आहे. आमच्याकडे पंपाचे शाफ्ट होतात. बेअरिंग बसतं तिथं माप 20 मायक्रॉनच्या आत धरावं लागतं. माझा जॉब इन्स्पेक्शनला गेला की तिथला माणूस मायक्रोमीटर उचलायच्या आधीच "पास" म्हणतो. हे लिहितानासुद्धा बरं वाटतंय, अडचण तीच आहे.

यंदा मालकांनी फॉर्म दिलाय. वर्षभरात आपण काय चांगलं केलं ते आपणच लिहायचं, त्यावर पगारवाढ. शेजारच्या मशीनवाल्यानं पानं भरलीत, माझा कोराच. चर्चच्या शब्बाथ शाळेपासून ऐकत आलोय, स्वतःची बढाई सांगणाऱ्या परूश्यासारखी प्रार्थना नको, "मज पाप्यावर दया कर" म्हणणाऱ्या जकातदारासारखी कर. मग "माझं रिजेक्शन सगळ्यात कमी" असं लिहिलं तर मी परूशीच झालो की ओ! आणि नाही लिहिलं तर पोरांची फी?

आणखी एक. आयटीआयचा पोरगा हाताखाली आलाय. इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजलं की कटिंगचा आवाज बदलतो, ते त्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही. हा अभिमान कुठला?

साताराकर
बायबलात लूक 17:10 वाचा. सगळं करूनही आपण निरुपयोगी दासच. फॉर्म कोरा द्या, देणारा प्रभू आहे.

कुपवाडचा टर्नर
प्रभू देईल हो, पण ऑफिसला फॉर्म शनिवारपर्यंत पाहिजे.

निवृत्त सिस्टर, मिरज
भाऊ, मी ऑपरेशन थिएटरला नर्स होते. पोट शिवायच्या आधी सर्जन विचारतात, "काउंट बरोबर?" स्पंज, आर्टरी (चिमटे), सुया, सगळं मोजलेलं असतं. तिथं "मी पामर काय सांगणार" म्हणून चालतं का? बरोबर असेल तर बरोबर म्हणून ठणकावून सांगायचं. तुमच्या शाफ्टचं वेगळं काय आहे?

परूश्याचं म्हणाल तर लूक 18 पुन्हा वाचा. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशमांश, यातलं काही तो खोटं सांगत होता असं तिथं कुठंच नाही. घसरला तो "ह्या जकातदारासारखा मी नाही" म्हणाला तिथं. गलतीकरांस पत्र 6:4 पाहा. पौल अभिमान बाळगूच नका असं म्हणत नाही. आपलं काम आपणच पारखा, शेजाऱ्याच्या कामाशी तुलना नको, एवढंच म्हणतो. तुम्हीसुद्धा जॉब ड्रॉइंगला लावून बघता, शेजाऱ्याच्या जॉबला नाही. तेव्हा "सगळ्यात कमी" एवढं खोडा आणि रजिस्टरमधला रिजेक्शनचा आकडा आहे तसा लिहा.

आणि साताराकर, निरुपयोगी दास म्हणायचं ते धन्यापुढं. पगाराच्या फॉर्मवर कशाला? आमच्या मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना उघडला. 1928 मध्ये "सर" किताब मिळाला तो त्यांनी घेतला. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. त्यांना कुणी गर्विष्ठ म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. नुसती ऑपरेशनं करून ते थांबले नाहीत, मेडिकल स्कूल काढून इथल्या पोरांना डॉक्टर केलं. तुमच्या त्या ट्रेनीचं मला जास्त टोचलं, म्हणून हे लिहिलं.

तासगावचा सुतार
सिस्टरांच्या शेवटच्या मुद्द्याला धरून. बायबलच्या निर्गम 31 मध्ये देवानं आपल्या आत्म्यानं भरलं ते बसालेलला. तो याजक नाही, आपल्यासारखा कारागीर. सोनं, चांदी, दगड, लाकूड, सगळ्यात हात चालणारा. पण 35:34 सहसा कुणी वाचत नाही. दुसऱ्याला शिकवायची बुद्धीही त्याला देवानंच दिली, असं तिथं आहे. आमच्या धंद्यात रंधा सगळे शिकवतात, पात्याला धार कशी लावायची ते कुणी दाखवत नाही. तुमचं त्या आवाजाचं तसंच दिसतंय.

कुपवाडचा टर्नर
आकडा लिहिला. मागच्या पानावर "कोणाला काय शिकवलं" असा रकाना निघाला, त्यात लिहायला अजून काही नाही. सोमवारी पोराला मशीनजवळ उभं करतो. पण सिस्टर, उद्या त्याचा शाफ्ट माझ्यापेक्षा सरस निघाला तर? तेव्हाही 6:4 च का?

निवृत्त सिस्टर, मिरज
हो, तेव्हाही. आणि पगारवाढ मागताना संकोचून आकडा खाली आणू नका.