मदत हवी आहे: ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या वर जातेय, मॉडेल कसं बसवू?

१०० केव्हीएचे ४२ वितरण ट्रान्सफॉर्मर. दोन्ही बाजूंना मीटर, सीटी (मोठा प्रवाह मीटरला झेपेल इतका लहान करणारे करंट ट्रान्सफॉर्मर) ०.५ क्लासचे, म्हणजे पूर्ण प्रवाहाला चूक अर्ध्या टक्क्याच्या आत, दर अर्ध्या तासाला नोंद. नेमप्लेटपेक्षा जास्त हानी कोणाची होतेय, ते शोधायचंय.

आउटपुट भागिले इनपुट करून कार्यक्षमता काढली. लोड, लोडचा वर्ग (लोड गुणिले लोड), तेलाचं तापमान, वय असं सगळं घालून साधं रिग्रेशन चालवलं, म्हणजे नोंदींवर समीकरण बसवलं. आर-स्क्वेअर (मॉडेल एकूण किती जुळलं त्याचा आकडा) झकास आला, पण रेसिड्युअल (नोंद आणि मॉडेलचा आकडा यांतला फरक) पाहिले आणि उत्साह मावळला. कमी लोडला वक्र बसतच नाही. नेमप्लेटवर आयर्न लॉस (गाभ्यातली, लोड नसतानाही होणारी हानी) २६० वॅट, पूर्ण लोडचा कॉपर लॉस (तारांच्या वेटोळ्यांतली, लोडच्या वर्गाप्रमाणे वाढणारी हानी) १७६०. पॉवर फॅक्टर १ धरला (म्हणजे जितके केव्हीए तितकेच किलोवॅट) तर ५ टक्के लोडला ९५ टक्के, ३८ टक्के लोडला ९८.७ आणि पूर्ण लोडला ९८ यायला हवेत. माझं मॉडेल ५ टक्क्यांनाही ९७ सांगतंय.

त्यात काही नोंदी १००.१, १००.२ अशा. त्याही ३० ते ५० टक्के लोडच्या, आणि जवळपास सगळ्या तीनच ट्रान्सफॉर्मरच्या. बीटा रिग्रेशन (० ते १ मधल्या प्रमाणांसाठीचं मॉडेल) १ च्या वरचे आकडे घेत नाही. उडवून टाकू का?

प्रतिसाद १

उडवू नका. फक्त १०० च्या वरच्या काढल्यात तर उरलेली सरासरी खाली ओढली जाईल. ३८ टक्के लोडला मुळात हानीच १.३ टक्के, दोन्हीकडच्या सीटी, पीटी (व्होल्टेज लहान करून मीटरला देणारे) आणि मीटरच्या चुका एका दिशेला पडल्या की ती सहज गिळली जाते.

कार्यक्षमता सोडा, हानी वॅटमध्ये घ्या. एक स्थिरपद, एक लोडच्या वर्गाचं पद आणि मुद्दाम एक साध्या लोडचं पद. स्थिरपद म्हणजे आयर्न लॉस, वर्गाचं पद कॉपर लॉस. लोडच्या सरळ प्रमाणात वाढणारी हानी ट्रान्सफॉर्मरमध्ये नसतेच, त्यामुळे ते पद मोठं आलं तर मीटरिंग तपासा. (२० टक्के लोडखाली सीटीची चूक वाढते, तिथे हे तंतोतंत बसणार नाही.) तापमान वेगळं टाकू नका, तांब्याचा रोध अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, तो गुणक वर्गाच्या पदालाच लावा. आणि एकाच ट्रान्सफॉर्मरच्या हजारो नोंदी स्वतंत्र नाहीत, मिक्स्ड मॉडेल (प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचा वेगळेपणा धरणारं) घ्या.

धागाकर्ता

त्या तिघांपैकी एकावर चालवून पाहिलं. स्थिरपद २७१ वॅट, पण लोडचं पद उणे, किलोवॅटमागे १५ वॅट! म्हणजे चूक मीटरिंगची, ट्रान्सफॉर्मर ठणठणीत आहे, मी उगाच त्याच्या मागे लागलो होतो. उद्या सीटी तपासायला लावतो.