गोळीने मळमळ लगेच, उदासी मात्र महिन्याने कमी, असं का?

मृदुला, परळ
एसिटालोप्राम या उदासीवरच्या गोळीने मळमळ दोन दिवसांत सुरू होते, पण मन सावरायला तीन-चार आठवडे लागतात. सेरोटोनिन (पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन) तर पहिल्या गोळीपासूनच वाढतं ना? आणि स्मरणशक्ती, निर्णय यांतही तेच सेरोटोनिन कसं काम करतं?

औषधशास्त्र_दादर
सगळा फरक रिसेप्टरचा, म्हणजे पेशीवर हे रसायन जिथे चिकटतं त्या जागेचा. सेरोटोनिनचे १४ प्रकारचे रिसेप्टर आहेत. त्यांतला ५-एचटी३ (५-एचटी म्हणजे सेरोटोनिनच) तेवढा थेट आयन-चॅनेल, म्हणजे विद्युतभारित कणांचं दार, म्हणून क्षणात उघडतो. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. तिथल्या ५-एचटी३ने आतड्याकडून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस चाळवली की मळमळतं.

मेंदूत सेरोटोनिन बनवणाऱ्या रॅफे केंद्रकांतल्या पेशींवर ५-एचटी१ए हा रिसेप्टर असतो. सेरोटोनिन वाढलं की तो त्याच पेशींना ब्रेक लावतो. रोजच्या डोसने काही आठवड्यांत हा ब्रेक ढिला पडतो आणि मग हिप्पोकॅम्पस (स्मरणाचा भाग), फ्रंटल (कपाळामागचा) भाग यांना जास्त सेरोटोनिन मिळू लागतं. उशिराचं हे एक मोठं कारण, एकमेव नव्हे.

मृदुला, परळ
मग ५-एचटी३ अडवणारी मळमळीची गोळी ऑन्डान्सेट्रॉन घेतली तर?

औषधशास्त्र_दादर
स्वतःहून मुळीच नको. दोन्ही औषधं ईसीजीतला क्यूटी कालावधी (प्रत्येक ठोक्यातला एक विद्युत टप्पा) लांबवतात. हृदयाचे ठोके बिघडू शकतात. नाश्त्यानंतर गोळी घ्या, सकाळच्या लोकलमध्ये त्रास होत असेल तर रात्रीची वेळ डॉक्टरांना विचारा. मळमळ बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते.

मेंदूविज्ञान_ठाणे
निर्णयाबद्दल: मार्मोसेट माकडांच्या फ्रंटल भागातलं सेरोटोनिन घटवलं, तर बक्षीस दुसऱ्या वस्तूकडे गेल्यावरही ती जुनीच वस्तू निवडत राहतात. उंदरांत रॅफेतल्या सेरोटोनिन पेशी चेतवल्या की ते बक्षिसासाठी जास्त वेळ थांबतात. म्हणजे लवचिकता आणि धीर. ‘आनंदाचं रसायन’ हे वर्णन फारच तोकडं आहे.

स्मरणशक्तीचं गणित अवघड. ५-एचटी६ हा रिसेप्टर अडवून प्राण्यांत स्मरण सुधारलं, पण अल्झायमरच्या मोठ्या चाचण्यांत तोच अडवणारं इडालोपिर्डीन हे औषध अपयशी ठरलं.

केमिस्ट_गिरगाव
एक राहिलं. ही गोळी चालू असताना ट्रॅमाडॉल (वेदनाशामक), लिनेझोलिड (अँटिबायोटिक) किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं कोरड्या खोकल्याचं सिरप घेण्याआधी दुकानात नक्की सांगा, सोबत घेतल्यास सेरोटोनिन अति वाढू शकतं. थरथर, स्नायूंचे झटके, घाम, ताप, अस्वस्थता एकत्र दिसली तर थेट कॅज्युअल्टीत न्या. गोळी एकदम बंद करू नका. तशी केली तर चक्कर येते, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. २५ वर्षांखालच्यांना पहिल्या आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. तसं वाटलं तर लगेच डॉक्टरांना गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.