उडालेल्या पाण्याची भर कशी घालायची?

खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीतलं पाणी रोज थोडं कमी होतं, तेवढं मिठाचं पाणी करून भरायचं का, असं वर विचारलंय. अजिबात नको! उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. भर घालायची ती आरओच्या साध्या पाण्याची. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना.

पहिल्या उन्हाळ्यात मी नेमकी हीच चूक केली. काचेच्या कडेला पांढरी पापडी जमत होती, तरी डोक्यात प्रकाश पडेना. मोजलं तर विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारेपणाचं माप) १.०२५ च्या जागी १.०३१! क्लाउनफिश तगले, क्लीनर कोळंबी मात्र गेली. आता काचेवर मार्करने रेघ मारून ठेवलीय. पाणी रेघेखाली गेलं की तांब्याभर ओततो. (तांब्या प्लास्टिकचा हं! तांब्याचं भांडं टाकीजवळही नेऊ नका, कोळंबी आणि प्रवाळांना तांबं म्हणजे विष.)

आणि वर कोणी 'दगडी प्रवाळ स्वस्तात मिळतोय' म्हणालंय त्यांना: आपल्याकडे ते २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. फुकट दिले तरी घेऊ नका.