मदत हवी आहे: कणकुंबीकडचा चिखल आणि चोर्ला घाट, दोन्हीला एकच गाडी. एक्सपल्स, हिमालयन ४५० की व्ही-स्ट्रॉम?

तांबडी_माती:
नमस्कार मंडळी. मोटरसायकल घ्यायची आहे आणि आकडे वाचून वाचून डोकं पिकलंय. चिखलात गाडी घालणाऱ्यांचं मत हवं आहे.

वापर असा: रोजचं येणंजाणं खानापूर–जांबोटी–कणकुंबी पट्ट्यात. डांबर संपल्यावर ३-४ किलोमीटर मुरमाचा रस्ता, पावसाळ्यात त्यातला निम्मा चिखल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने पाडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. महिन्यातून एखादी खेप चोर्ल्यातून गोव्याला, मागे बायको आणि दोन बॅगा. सासरवाडी निपाणीकडे, म्हणजे हायवे आणि शेवटी काळ्या रानातली पाणंद.

उंची ५ फूट ५ इंच, वजन ६४ किलो. यादीत हीरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही, रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स. चिखलात कुठली आवरते? घाटात डबल सीट कुठली बरी? आणि पाय टेकत नाहीत म्हणून लोअरिंग लिंक (गाडीची मागची उंची उतरवणारा जोड) टाकावी का?

घाटवाट:
तांबड्या चिखलात हॉर्सपॉवरला कोणी विचारत नाही. तिथे वजन, पुढच्या चाकाचा व्यास आणि टायरची रुंदी हेच चालतं.

एक्सपल्स १५९ किलो, व्ही-स्ट्रॉम १६७, हिमालयन १९६. डांबरावर हा ३७ किलोचा फरक जाणवतही नाही, हिमालयनचं वजन खाली असल्यामुळे चालत्या गाडीत ती हलकीच वाटते. पण चाकोरीत मागचं चाक सरकलं, गाडी कलली आणि तुमचा एक पाय ढोपरापर्यंत रुतलेला असला, की तिथे १९६ किलो सावरणं ६४ किलोच्या माणसाचं काम नाही.

दुसरं म्हणजे चाकं. एक्सपल्स आणि हिमालयन दोन्हीला पुढे २१ इंची, ९० सेक्शन (टायरची रुंदी ९० मिमी). हे चाक चाकोरीच्या काठावर चढून बाहेर येतं. व्ही-स्ट्रॉमचं १९ इंची चाक काठाला घासत राहतं आणि हँडल हातातून ओढून घेतं. मागे एक्सपल्सला १२०/८०-१८ (रुंदी १२० मिमी, रिम १८ इंची), हिमालयनला १४०/८०-१७. आपल्याकडे वरचा बोटभर थर लोण्यासारखा असतो, खाली कडक मुरूम किंवा जांभा. अरुंद टायर तो थर कापून खाली टेकतो, रुंद टायर वरच तरंगतो. मागचं चाक बाजूला पळतं ते यामुळे. त्यात हिमालयनचं ४० एनएम टॉर्क (चाक फिरवणारा जोर). चिखलात ती ईको मोडवरच ठेवायची, नाहीतर मनगट जरा फिरलं की चाक जागेवर गरगरतं.

चोर्ल्याला मात्र चित्र उलटं. डबल सीट, बॅगा आणि १९ बीएचपीच्या आतली एक्सपल्स म्हणजे चढाला गिअर खाली, आरपीएम वर, आणि पुढच्या लॉरीचा धूर खात जायचं. उतारावर लांब मऊ फोर्क (पुढच्या चाकाचे शॉक) ब्रेक मारला की खाली बसतो, त्यामुळे ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा, वळणात नाही. हिमालयनला पुढे ३२० मिमी डिस्क आणि शोवाचा अपसाइड-डाउन फोर्क आहे. ती वळणात ब्रेक धरूनही रेषा सोडत नाही.

वडगाव_गॅरेज:
वरचं बरोबर, पण तिन्ही गाड्या कंपनीच्या टायरवर आणि कंपनीच्या हवेवर तोलल्या आहेत. पन्नास टक्के हँडलिंग तिथंच जातं हो.

हवा: डांबरासाठी स्टिकरवर दिलीय तेवढीच. चिखलात पाव हिस्सा कमी करा, पण स्पोकच्या ट्यूबवाल्या चाकात १८ पीएसआयच्या खाली नको. टायर रिमला पकडून ठेवणारा रिम-लॉक नसतो, त्यामुळे हवा फार कमी झाली की ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व मुळातून फाटतो. खूण सोपी आहे: वॉल्व तिरका दिसला की टायर सरकलाय. आणि वॉल्ववरचा नट रिमला आवळून ठेवू नका, वर टोपीला लावून ठेवा. आवळलेला वॉल्व तिरका न होता सरळ तुटतो, मग खूणही मिळत नाही. परत डांबरावर आलात की हवा भरा. कमी हवेवर खड्ड्यात रिम वाकते, आणि खड्ड्यांची तर आपल्याकडे ददात नाही.

मागचा शॉक: सासरवाडीच्या बॅगा घेऊन जाताना प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) वाढवायचा आणि एकटं फिरताना उतरवायचा. हे कोणी करत नाही, मग म्हणतात गाडी वळत नाही. मापायची रीत अशी. मागचं चाक उचलून आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेपने मोजा. मग नेहमीचं सामान लावून बसा, दोघं असाल तर दोघंही, आणि कोणाला तरी परत मोजायला सांगा. फरक एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वरखाली जितकं हलतं त्याच्या) तीस टक्क्यांच्या आसपास हवा. एक्सपल्सला मागे १७० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे ५० मिमी. हिमालयनला २००, म्हणजे ६०. फरक ८० आला तर मागचं बूड बसतंय, पुढचं चाक हलकं होतंय, आणि घाटाच्या चढावरच्या वळणात गाडी बाहेर बाहेर जाणार. ३० आला तर उलट: सुट्या दगडावर मागचं चाक उडतं, आणि लोक टायरला शिव्या घालतात.

व्ही_वाला:
व्ही-स्ट्रॉमची बाजू कोणीतरी घ्या की! अलॉय, ट्यूबलेस टायर. पंक्चर झालं तर रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत दोरी मारून मोकळं. हायवेला निपाणीपर्यंत हिच्यासारखी आरामशीर यादीत दुसरी नाही, पिलियन (मागे बसणारं) तर दुवा देतं.

घाटवाट:
आराम मान्य. पण तिचा एबीएस (ब्रेकवर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद होत नाही. सुक्या मुरमाच्या उतारावर खाली गोट्या पसरल्यासारख्या असतात. तिथे एबीएस सारखा ब्रेक सोडत राहतो आणि गाडी थांबतच नाही. हिमालयनला मागचा एबीएस बंद करता येतो, एक्सपल्सच्या २०२३ पासूनच्या फोर-व्हीला एबीएस कमी किंवा बंद करणारे ऑफ-रोड आणि रॅली मोड आहेत. मागचं चाक लॉक करून थोडं सरकवत उतरणं हा मुरमावरचा अर्धा खेळ आहे. ट्यूबलेस हवंच असेल तर हिमालयनला ट्यूबलेस स्पोक चाकं पर्याय म्हणून मिळतात.

तांबडी_माती:
भरपूर कळलं, आभार. लोअरिंग लिंकचं राहिलं. आणि काळ्या मातीचं कोणीच बोललं नाही.

वडगाव_गॅरेज:
लिंक टाकू नका. मागची उंची उतरली की ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा) जातो, ज्यासाठी गाडी घेतली तोच. फोर्कही क्लॅम्पमध्ये तेवढाच वर सरकवावा लागतो, नाहीतर पुढचं चाक पुढे पसरून गाडी वळायला जड होते. शिवाय साइड स्टँड लांब पडतो. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने नाहीतर गाईच्या धक्क्याने आडवी होते. स्टँड कापून वेल्ड करा, मग लिंक टाका, हा उद्योग नको.

एक्सपल्सची सीट ८२५ मिमीच्या आसपास आणि अरुंद आहे. हिमालयनची ८२५ ते ८४५ अशी बदलते, पण रुंद. म्हणून आकडा सारखा असूनही पाय एक्सपल्सवर जास्त पोचतो. दोन्ही पाय टेकवायचा हट्ट सोडा. ढुंगण एका बाजूला सरकवून डावा पाय पूर्ण टेकवा, उजवा मागच्या ब्रेकवर. ८९१ मिमीच्या प्रो आवृत्तीच्या वाटेला मात्र जाऊ नका.

निपाणी_पाणंद:
काळ्या मातीचं मी सांगतो. तिथं घसरण्याआधी अडकणं असतं. माती टायरला चिकटते, वर मडगार्डखाली भरते, आणि शंभर पावलांत चाक फिरायचं बंद होतं. ज्या गाडीत टायर आणि मडगार्ड यांच्यात तीन बोटं जात नाहीत ती नाकारा. कंपनीच्या बारीक नक्षीच्या टायरच्या खाचा लगेच भरतात. गठ्ठे मोठे आणि लांब लांब असलेला टायर असेल तर वेग धरल्यावर माती फेकून देतो. थांबलात तर संपलं, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये सारखं चालत राहायचं. सोबत लाकडी उलथणं ठेवा. लोखंडी नको, केबल आणि वायर कापल्या जातात.

लिक्विड कूल्ड गाडीला, म्हणजे हिमालयनला, अजून एक व्याप. पुढच्या चाकाची माती रेडिएटरवर वाळते, पंखा सारखा चालू राहतो. धुताना प्रेशर गन जवळून मारली तर पात्या वाकतात आणि हवा कायमची अडते. साधा पाइप, मागून पुढे.

घाटवाट:
ओढे पार करताना पाणी पुढच्या आसाच्या वर नको. २१ इंची चाकाला आस जमिनीपासून साधारण सव्वा फुटाच्या आत येतो, तेवढं काठीने मापा. वाहत्या पाण्यात तेवढंही नको, मलप्रभेच्या पुलांवरून पाणी वाहत असेल तर गाडी वळवा.

आणि एक्सपल्स २१० यादीत का नाही? लिक्विड कूल्ड आहे, साधारण २४ बीएचपी, सहा गिअर, वजन १६८ किलो, चाकं तीच २१ आणि १८. ट्रॅव्हल पुढे २१०, मागे २०५. चोर्ल्याचा तो धुराचा प्रश्न बराच सुटतो आणि चिखलातलं वागणं जवळपास तेच. ९ किलो जास्त, पण हिमालयनपेक्षा २८ किलो कमी. रेडिएटरचं वरचं ज्ञान तिलाही लागू.

तांबडी_माती:
२१० आणि ४५० दोन्हींची चाचणी घेतो. शोरूमच्या गल्लीत काय बघायचं?

वडगाव_गॅरेज:
वेग बघू नका. पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर, हँडल शेवटपर्यंत वळवून आठचा आकडा काढा. गाडी कुठे बंद पडते आणि कुठे झटका देते ते कळेल. मग उभं राहून चालवा. गुडघ्यांनी टाकी धरता येते का, हँडलला हात पोचायला कंबर वाकवावी लागते का? वाकवावी लागत असेल तर हँडल रायझर (हँडल वर उचलणारे ठोकळे) २०-२५ मिमीचे लागतील, त्याआधी केबल पुरतात का ते बघा. मागे बायकोला बसवूनच शेवटची फेरी मारा. तिचे पाय फूटपेगवर नीट नसतील तर गोव्याची खेप एकट्यानेच होईल.

घेतल्यावर पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दाताने कमी केलंत तर चिखलातला सावकाशपणा वाढतो, क्लच कमी जळतो, पण हायवेला इंजिन तेवढंच जास्त ओरडतं. एका पावसाळ्यानंतर ठरवा. चेन मात्र मॅन्युअलमधल्या ढिलाईपेक्षा घट्ट करू नका. लांब ट्रॅव्हलच्या गाडीत शॉक दबला की चेन ताणली जाते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

निपाणी_पाणंद:
चिखलाची चाचणी कुणाच्या तरी मालकीच्या शेतात घ्या, विचारून. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत रस्ता सोडून गाडी घातली तर वनखातं गाडीच ठेवून घेतं.