मावसभावाच्या नावाने रेड नोटीस आहे म्हणे, त्याला उचलून शारजाला पाठवतील का?

ऐरोलीकर_८
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. माझा मावसभाऊ शारजाला एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघायचा, मालकाशी वाजलं म्हणून नोकरी सोडून कळव्याला घरी आला. आता मालकाने तिकडे अफरातफरीची केस टाकलीय आणि परवा कुणाचा तरी फोन आला की इंटरपोलची रेड नोटीस निघालीये, पोलीस घरातून उचलून थेट विमानात बसवतील, दोन लाख द्या मिटवतो. मावशी तेव्हापासून धड जेवलेली नाही. भाऊ म्हणतो मल्ल्याला इतकी वर्षं आणता येत नाही तर मला कसे नेतील, पण मल्ल्याकडे वकिलांची फौज आहे हो, आमच्याकडे काय?

घोडबंदर_जाममध्ये
दोन लाख काय, चहाचे पैसेपण देऊ नका. आमच्या सोसायटीत एकाचे असेच गेलेत.

बेलापूर_कोर्टवाली
ज्युनियर असताना अशा एका फाइलवर काम केलंय. रेड नोटीस म्हणजे या माणसाला शोधा अशी इतर देशांच्या पोलिसांना केलेली विनंती, वॉरंट नाही, नुसत्या नोटिशीवर आपल्याकडे कुणाला विमानात बसवत नाहीत. सगळ्या नोटिसा वेबसाइटवर दिसतही नाहीत, त्यामुळे नाव सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. नोटीस चुकीची असेल तर फ्रान्समध्ये लिऑंला इंटरपोलचं सीसीएफ नावाचं कमिशन आहे, तिथे अर्ज करता येतो, फी नाही.
आता मुद्द्याचं. यूएईशी आपला १९९९चा करार आहे, त्याच्या कलम ५ प्रमाणे आपण आपला नागरिक त्यांना देत नाही. पण म्हणजे सुटला असं नाही, त्यांनी मागितलं आणि आरोप आहे ते कृत्य इथेही गुन्हा असेल तर खटला इथे चालवायचा. म्हणून ऑफर लेटर, हिशेब, मालकाचे मेल, बँक स्टेटमेंट सगळं आत्ताच काढून ठेवा. आणि कृपा करून त्याला देशाबाहेर जाऊ देऊ नका, हा करार फक्त दोघांतला आहे, तिसऱ्या देशात उतरला की तिथला कायदा.

तळोजा_फेज१
ताई कायदा, मानवी हक्क वगैरे मोठ्यांचे चोचले. मल्ल्यासाठी आर्थर रोडच्या १२ नंबर बराकीचा व्हिडिओ काढून लंडनच्या कोर्टाला दाखवला, ऊन किती येतं, संडास कुठे. आपल्या पोराला साधी चटई कोण विचारतं.

बेलापूर_कोर्टवाली
राग खरा आहे दादा, चटईचं तर अगदी खरं. पण तो व्हिडिओ दाखवावा लागला कारण जिथे पाठवायचं तिथे छळ होणार असेल तर माणूस देता येत नाही हे युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने १९८९ मध्येच सोअरिंगच्या केसमध्ये ठरवलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने शस्त्रदलाल संजय भंडारीला सोडलं ते तिहारमध्ये खंडणी आणि मारहाणीचा धोका आहे म्हणूनच. आपण संयुक्त राष्ट्रांच्या छळाविरुद्धच्या करारावर १९९७ला सही केली, अजून मंजूर केलेला नाही, तिकडचे वकील ते हमखास काढतात.
पण नुसतं 'जेल वाईट आहे' म्हणून भागत नाही. कुठलं जेल, कुठली कोठडी, माणसाला आजार काय, हे दाखवावं लागतं. नीरव मोदीने आत्महत्येचा धोका मांडला तरी २०२२ मध्ये हायकोर्टात हरला, भारताने दिलेल्या हमीवर कोर्टाने विश्वास ठेवला.
आणि हमी नुसती कागदावर राहते असं नाही. तुमच्याच शेजारी तळोजा जेलमध्ये अबू सालेम कितीतरी वर्षं होता ना? २००५ला पोर्तुगालने त्याला दिला तो फाशी नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त नाही या शब्दावर. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सरकारला शब्द पाळावा लागेल. सालेमला मिळतं ते ऐरोलीकरांच्या भावाला का मिळू नये?

तळोजा_फेज१
बरं. हे सालेमचं माहीत नव्हतं, रोज त्या भिंतीशेजारून जातो.

ऐरोलीकर_८
ताई खूप आभार. त्या माणसाला म्हटलं नोटिशीची कॉपी पाठव, तर फोन कट, आता नंबरच लागत नाही. भाऊ गुपचूप मस्कतच्या इंटरव्ह्यूचं तिकीट काढून बसला होता, तुमचा मेसेज वाचून दाखवला तेव्हा कबूल केलं. कॅन्सल केलंय. मावशीने रात्री दोन घास भात खाल्ला. तिकिटाचे पैसे किती कापतात ते वेगळ्या धाग्यावर विचारतो.