बिझनेसची सीट, कोरेगावच्या आजी आणि हेडफोनवालं पोरगं

प्रेषक: सातारकर
विषय: सुखरूप पोचलो, आणि एका सीटची गोष्ट

मंडळी, नमस्कार.

परवा रात्री साताऱ्यात पोचलो. राजवाड्याजवळच्या घरी आईनं दार उघडलं आणि पहिलं वाक्य, "चेहरा का असा झालाय? तू तर झोपून येणार होतास ना?" बरोबर होतं तिचं. गेली सहा वर्षं साठवलेले सगळे पॉइंट घालून मी या वेळी लंडनच्या हीथ्रोहून मुंबईपर्यंत बिझनेस क्लास घेतला होता. मंडळाच्या दिवाळीत निम्म्या लोकांना ते सांगूनही झालं होतं. आता तिथं न बसता आलो, तर खुलासा करणं भाग आहे.

हीथ्रोच्या गेटवर व्हीलचेअरची नेहमीची रांग होती. त्यात एक आजी. नऊवारी, वरून लेकीचं असावं असं जाडजूड जॅकेट, पायात पांढरे स्पोर्ट शूज. शेजारी टोपी घातलेले आजोबा उभे. आजी म्हणाल्या, "आवं, पाय दुखत्याल, बसा की कुटंतरी." हा सूर कानावर पडला की मी थांबतोच. विचारपूस केली. कोरेगाव तालुक्यातली माणसं. लेकीकडे सहा महिने राहून, व्हिसा संपायच्या आत परत निघालेली. आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन वर्षापूर्वी झालेलं. पाय वाकतो, पण तासाभरानं उठावं लागतं.

विमानात मी पुढे बसलो, जॅकेट अडकवलं, रस प्यायलो. तेवढ्यात मागून आजींचा आवाज. जाऊन बघतो तर आजी 38-ई, म्हणजे तिघांतली मधली सीट, आणि आजोबा 44-ई, तीही मधलीच. लेकीनं सीट निवडायचे जादा पैसे भरले नव्हते. एकाच तिकिटावर असूनसुद्धा संगणकानं दोघांना सहा रांगांनी तोडलं होतं. आजींच्या एका बाजूला झोपलेलं बाळ घेऊन एक बाई, दुसऱ्या बाजूला 38-डीवर विशीतला एक गोरा पोरगा, कानावर भलेमोठे हेडफोन.

मी आजींना म्हटलं, तुम्ही माझ्या सीटवर चला, पाय पसरून झोपता येईल.

"आन् ह्यांचं काय?"

"ते इथं मागंच."

"मग मी तिकडं येकटी जाऊन काय करू? बोलू कुणाशी?"

मी समजावलं की तिथं खुर्चीची गादी होते, चांगली सहा फुटांच्या वर. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना दवाखान्यात भरती करतोय. "इमानात गादी? आजारी दिसतीया का मी तुला?" आजोबा मागून म्हणाले, "आपल्या यष्टीला बरं हाय. आमास्नी तिकीट बी न्हाय. जागा तेवढी टावेल टाकून धराय लागती." (पंचाहत्तरीच्या पुढच्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे, हे मंडळाच्या या मेल-लिस्टवर ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी.)

मग त्या पोराला विचारलं, तू आजोबांच्या जागी जाशील का? तो म्हणाला, मी पैसे भरून कडेची सीट घेतलीय, ती सोडून मधल्या सीटवर नऊ तास नाही बसणार. सभ्यपणे म्हणाला. आणि खरंच, त्याचं काय चुकलं?

मला तेव्हा एकच हिशोब सुचला. हवाई सुंदरीला विचारलं, तिनं वरिष्ठांना विचारलं, आणि पाच मिनिटांनी पोरगा माझ्या 6-एवर, आजोबा पोराच्या 38-डीवर, आणि मी आजोबांच्या 44-ईवर. आजोबांनी लगेच आजींना कडेची जागा दिली आणि स्वतः मधे बसले. एकूण काय, माझ्या सहा वर्षांच्या पॉइंटांची गादी कुणाला मिळाली, तर ज्याला कसलीच गरज नव्हती अशा बावीस वर्षांच्या पोराला.

माझ्या दोन्ही बाजूंनी दोन दणकट माणसं. हाताच्या टेकूवर पूर्ण रात्र मूक लढाई झाली, मी हरलो.

मोती चौकातल्या कंदी पेढ्यांच्या ऑर्डरी रविवारपर्यंत कळवा. नंतर बॅगेत जागा नाही.

– सातारकर

---

प्रेषक: कराडकर
विषय: रि: सुखरूप पोचलो, आणि एका सीटची गोष्ट

सातारकर, पेढे एक किलो.

बाकी तू केलंस ते तुझ्या पॉइंटांचं, तुझं तू बघ. पण यावर आता लिस्टवर वा वा, धन्य धन्य सुरू होईल, म्हणून आधीच लिहितो. मला दर खेपेला कुणीतरी उठवतं. उंची सहा फूट एक, वय सदुसष्ट, रात्रीतून चार वेळा उठावं लागतं. कडेच्या सीटचे पैसे मी हौसेनं भरत नाही. तरी "काका, जरा अ‍ॅडजस्ट करता का, आम्ही नवराबायको आहोत" म्हणणारी तिशीतली जोडपी भेटतात. नवराबायको आहात तर दोन महिने आधी बुकिंग करताना आठवत नाही का? आणि नाही म्हटलं की मुंबई येईपर्यंत दोघं माझ्याकडे असं बघतात, जसं काही मी त्यांचं लग्न मोडलं.

त्या पोरानं स्पष्ट नाही म्हटलं, ते मला आवडलं. त्याला बिझनेसची सीट मिळाली याचंही मला वाईट वाटत नाही. बक्षीस समजा.

– कराडकर

---

प्रेषक: सचिव
विषय: रि: रि: सुखरूप पोचलो, आणि एका सीटची गोष्ट

मंडळी, गणपतीच्या हॉलचे पैसे भरायची मुदत शुक्रवारी संपते. अजून अकरा कुटुंबं बाकी आहेत. कृपया या विषयाखाली उत्तर देऊ नका, वेगळी मेल टाका.

(आजी गोड आहेत. आणि पेढे अर्धा किलो.)

---

प्रेषक: मिरजेची ताई
विषय: जागा बदलताना

सातारकर दादा, कराडकर काका,

मी एकवीस वर्षं विमानात काम केलंय, आता निवृत्त. मला या गोष्टीत सगळ्यात आवडलं ते हे, की तुम्ही आधी क्रूला विचारलंत. दहातले नऊ जण परस्पर उठतात.

इकॉनॉमीतल्या इकॉनॉमीत बदलायचं असेल तर दारं बंद होईपर्यंत थांबा. तोवर कुठली सीट रिकामी राहतेय ते कळत नाही, आणि कधी कधी कुणाला न उठवताच प्रश्न सुटतो. पुढच्या वर्गातून मागे किंवा मागून पुढे जायचं असेल तर मुख्य पर्सरची, म्हणजे क्रूच्या प्रमुखाची, परवानगी लागते. काही कंपन्या देतात, काही अजिबात देत नाहीत. तिथं क्रूशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

आणि ते बाळ घेतलेल्या बाई. तुम्ही त्यांना उठवलं नाहीत ते फार बरं केलंत. मांडीवरचं बाळ वाटेल त्या रांगेत चालत नाही. त्याच्यासाठी वर ऑक्सिजनचा जादा मास्क लागतो आणि तो ठराविक जागीच असतो. पाळणा तर फक्त समोर भिंत असलेल्या रांगेतच अडकवता येतो. चांगल्या मनानं "बाई, तुम्ही माझ्या सीटवर या" म्हणणारे पुष्कळ भेटले, त्यांना आम्ही नाही म्हणायचो आणि आम्हीच दुष्ट ठरायचो. आपत्कालीन दाराजवळची ऐसपैस रांगही म्हाताऱ्या माणसाला देता येत नाही. वेळ आली तर तिथल्या माणसाला दार उघडावं लागतं.

जेवणाचंही बघा. खास शाकाहारी जेवण सीट नंबरावर लिहिलेलं असतं. माणूस हलला आणि क्रूला कळलं नाही, की आजींची डाळ पोराकडे आणि पोराचं चिकन आजींकडे.

सांगली-मिरजेकडचे जे मुंबईहून छोट्या विमानानं कोल्हापूरला उतरतात, त्यांनी तर उड्डाणाआधी मनानं हलूच नये. तिथं माणसं कुठं बसलीत त्यावर वजनाचा तोल ठरतो.

आजींना कडेची जागा मिळाली, हीच खरी कामाची गोष्ट. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसलं तर पायात गुठळी व्हायचा धोका वाढतो. गादीपेक्षा दर तासाला उठून चार पावलं टाकता येणं त्यांना जास्त गरजेचं होतं.

– मिरजेची ताई

---

प्रेषक: गावभागातून
विषय: रि: जागा बदलताना

नमस्कार. मी सध्या सांगलीत, गावभागात, आईकडे आहे. सगळ्या मेल तिला वाचून दाखवल्या. कोरेगावच्या आजींचं "बोलू कुणाशी" ऐकून आई इतकी हसली की चहा सांडला. मग म्हणाली, "माझं लिही आता."

तीन वर्षांपूर्वी आई पहिल्यांदा एकटी लंडनला आली. तिच्या शेजारी जतच्या एक बाई होत्या, मुलाकडे निघालेल्या. दोघींचं लेकी, सुना, पाण्याचे टँकर असं सगळं बोलून झालेलं. तेवढ्यात सुटातला एक माणूस आला आणि खुणेनं, हसून, आईला म्हणाला, माझी सीट तुम्ही घ्या. बिझनेस क्लास. आईला इंग्रजीत "नको" म्हणता येतं, पण "नको, मी इथं बरी आहे, या बाईंशी माझं जमलंय, आणि माझी पिशवी वर ठेवलीय" एवढं म्हणता येत नाही. ती थँक्यू, थँक्यू म्हणत उठली आणि पुढे गेली.

पिशवी मागेच, डोक्यावरच्या कप्प्यात. पिशवीत बीपीच्या गोळ्या आणि राजगिऱ्याचे लाडू. आणि त्या दिवशी संकष्टी.

पुढे गेल्यावर तिला मेनूचं कार्ड दिलं. सगळं इंग्रजी. तिनं मान हलवून नको सांगितलं, त्यांना वाटलं बाईंना झोपायचंय. मग तिनं सीटच्या कडेचं एक बटण दाबलं. सीट हळूहळू आडवी व्हायला लागली आणि थांबेचना. वर कसं आणायचं ते कळेना, कुणाला विचारायचं ते कळेना. शेवटी ती त्या गादीवर मांडी घालून बसली. पर्स पोटाशी धरून, दिव्याखाली, जपमाळ काढून. चंद्रोदयाचा प्रश्न वेगळाच. उपास सोडायचा तर चंद्र कुठल्या गावचा धरायचा, सांगलीचा की खाली जे काही गाव असेल त्याचा? खिडकीवरची झापड कशी उघडायची तेही कळलं नाही. ती काचेला बटण असलेली होती.

साडेनऊ तास! लंडनला उतरली तेव्हा मला वाटलं प्रवास लागलाय. तिनं पहिलं काय केलं असेल, तर विमानतळाच्या बाकावर बसून लाडू खाल्ला. जतच्या बाईंनी तिची पिशवी उतरवून ठेवली होती आणि दारात उभ्या होत्या.

तो माणूस वाईट होता का? आई म्हणते, छे, देवमाणूस. स्वतः मागं जाऊन अवघडून बसला. "पण देऊन झाल्यावर एकदा फिरकायचं ना. गोळ्या तिकडंच राहिल्या, हे मी त्याला खुणेनं सांगितलं असतं."

हे ती आज म्हणतेय, हं. गावभागात वर्षभर तिनं काय सांगितलं ते ऐका: "मी विमानात पहिल्या वर्गानं गेले, गादीवर झोपून." गणपतीच्या देवळात भेटणाऱ्या प्रत्येक बाईला. एकीनं विचारलं तिकीट केवढ्याला पडलं, तर म्हणाली, "मला तसंच दिलं."

आता मी हे लिहितेय तर म्हणते, झापडीचं लिहू नकोस.

– गावभागातून

---

प्रेषक: कराडकर
विषय: रि: रि: जागा बदलताना

ताई, गुठळीचं वाचून मी आता प्रत्येक वेळी कडेची सीट हक्कानं मागणार. डॉक्टरांचा कागद लागतो का?

गावभागातल्या आईंना माझा नमस्कार. संकष्टीला मी खालच्या गावचा चंद्र धरतो. वैमानिकानं ते गाव सांगितलं तर.

– कराडकर

---

प्रेषक: सातारकर
विषय: पेढे, घेवडा, आणि शेवटचं

मंडळी,

गावभागातल्या आईंची गोष्ट वाचून मला जरा घाम फुटला. कोरेगावच्या आजी हो म्हणाल्या असत्या, तर मीही त्यांना तिथं बसवून, मागे येऊन, स्वतःवर खूश होत डोळे मिटले असते. बटणं दाखवली नसती, ते मला नक्की माहीत आहे. जेवणाचं तर माझ्या डोक्यातही नव्हतं.

काल आजोबांचा पुतण्या पोवई नाक्यावर कामाला आला होता, तो घरी येऊन गेला. गोणपाटाच्या सुतळीनं तोंड बांधलेली पिशवी, आत चार किलो वाघ्या घेवडा. आईनं लगेच मूठभर ताटात घेऊन दाण्यांवरचे पट्टे पाहिले आणि म्हणाली, "हा खरा कोरेगावचा." आज आमटी आहे.

पुतण्यानं तिथूनच फोन लावून दिला. आजोबांनी थोडक्यात आटोपलं, मग आजींनी फोन घेतला. गुडघा बरा आहे. विमानात आजोबा रात्रभर त्यांच्या खांद्यावर घोरले, त्याची तक्रार झाली. मग म्हणाल्या, "आन् ते कानाला डबी लावल्यालं पोरगं? त्येला झोप लागली का रं नीट तिकडं?"

मी म्हटलं, आजी, मला काय माहीत. उतरताना दिसलाच नाही.

"मग इचारायचं न्हाय व्हय," म्हणाल्या, "परक्या मुलखात निघाल्यालं लेकरू."

पेढ्यांच्या ऑर्डरी बंद. साडेसात किलो झाले.

– सातारकर